माझ्याकडे संथ, त्याच्याकडे सुसाट : ॲनिमेशनचा वेग कुठे चुकतोय ते कसं शोधायचं

मागे मी एक अगदी किरकोळ प्रोग्रॅम लिहिला होता. पडद्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत जाणारा एक चेंडू, बस्स. माझ्या लॅपटॉपवर तो छान रमतगमत जायचा. मित्राला पाठवला, तर त्याचा निरोप आला, "अरे, हा चेंडू आहे की बंदुकीची गोळी?" मग मी दोन संध्याकाळी त्याच्या प्रोसेसरच्या मागे लागलो. प्रोसेसरचा काडीचाही संबंध नव्हता. त्याचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा होता आणि माझा ६० चा, म्हणजे त्याचा पडदा सेकंदाला १४४ वेळा नवं चित्र दाखवायचा आणि माझा ६० वेळा. याच आकड्याला रिफ्रेश रेट म्हणतात.

तेव्हापासून अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न मॉनिटरचा विचारतो. कॉम्प्युटर किती ताकदीचा, रॅम किती, हे सगळं नंतर.

आधी तक्रार नीट ऐका

"ॲनिमेशन हळू चालतंय" या एका वाक्यात दोन वेगवेगळी दुखणी लपलेली असतात. एकात ॲनिमेशन अडखळत, धक्के खात चालतं, पण संपतं वेळेवरच. दुसऱ्यात ते लोण्यासारखं गुळगुळीत चालतं, फक्त चार सेकंदांच्या जागी आठ घेतं, नाहीतर दीडच. पहिल्यात मशीनला काम झेपत नाहीये, प्रोग्रॅमचं घड्याळ मात्र ठीक आहे. दुसऱ्यात प्रोग्रॅम घड्याळाकडे बघतच नाहीये. या लेखाचा विषय हे दुसरं दुखणं. (दोन्ही एकत्रही असू शकतात, आणि तेव्हा डोकं जास्त दुखतं.)

फरक ओळखायला स्टॉपवॉच पुरतं. पण एका सेकंदाचं ॲनिमेशन हाताने मोजायला जाऊ नका. बोट दाबायला लागणारा वेळच उत्तर बिघडवतो. तेच ॲनिमेशन सलग दहा वेळा चालवा, एकूण वेळ घ्या आणि दहाने भागा. दोन्ही कॉम्प्युटरवर हेच करा आणि आकडे कागदावर लिहा. "जरा फास्ट वाटतंय" यावरून काही ठरवता येत नाही.

मग मॉनिटरचा रिफ्रेश रेट बघा

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले आणि त्यात ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. मॅकवर सिस्टीम सेटिंग्जमधला डिस्प्लेचा भाग. तिथे ६०, ७५, १२०, १४४ असा आकडा दिसेल, कधी ५९.९४ दिसतो, तो ६० च समजा.

आता भागाकार करा. ६० हर्ट्झवर १० सेकंद लागणारं ॲनिमेशन ७५ वर ८ सेकंदांत, १२० वर ५ मध्ये आणि १४४ वर ४.१७ मध्ये संपत असेल, तर चोर सापडला. कोडमध्ये कुठेतरी "दर फ्रेमला ५ पिक्सेल पुढे सरक" असं लिहिलेलं आहे. (फ्रेम म्हणजे पडद्यावर चितारलेलं एकेक चित्र; सहसा मॉनिटर जितक्या वेळा चित्र बदलतो तितक्या फ्रेम.) ६० फ्रेमना ते सेकंदाला ३०० पिक्सेल होतं, १४४ फ्रेमना ७२०. १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा पार करायला एकीकडे ६.४ सेकंद, दुसरीकडे २.६७.

खात्री करायची सगळ्यात चांगली चाचणी अशी, की त्याच मॉनिटरचा रेट १४४ वरून ६० वर आणायचा आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवायचा. कॉम्प्युटर तोच, प्रोग्रॅम तोच, बदललं फक्त एक. वेग उतरला तर पुढे वाद घालायचं कारण नाही. कोड तुमचा नसेल आणि तुम्हाला फक्त तो प्रोग्रॅम वापरायचा असेल, तर तात्पुरता उपायही हाच आहे. सोबत ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये त्या प्रोग्रॅमपुरता व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या रिफ्रेश रेटशी बांधणारं सेटिंग) चालू करा, आणि बनवणाऱ्याला कळवताना प्रोसेसरच्या नावाआधी रिफ्रेश रेट लिहा.

आकडे जुळत नसतील तर लॉग घ्या

दोन फ्रेममध्ये किती मिलिसेकंद गेले ते प्रोग्रॅमला लिहून काढायला सांगा. दोन-तीनशे ओळी पुरेत. डॉक्टर नाडी बघतात तसं हे आहे. थोड्या सवयीने आकडा बघूनच रोग कळतो.

सतत १६.७ येतंय म्हणजे ६० हर्ट्झ, ६.९ म्हणजे १४४. ३३.३ असेल तर कुणीतरी फ्रेम निम्म्या केल्यात. अनेकदा बॅटरी वाचवणारं सेटिंग असतं, म्हणून लॅपटॉपला चार्जर लावून पुन्हा बघा. आकडे १ किंवा २ च्या आसपास आणि सतत बदलते असतील, तर व्ही-सिंक बंद आहे. मशीनला जमेल तितक्या फ्रेम ती ओकतेय, आणि इथे मात्र ताकदवान कॉम्प्युटरवर ॲनिमेशन खरोखर जास्त पळतं.

आणि १५.६ किंवा ३१.२ दिसलं तर थांबा, हे प्रकरण मजेशीर आहे. विंडोजचा टायमर मुळात सेकंदाला ६४ वेळा टिकटिक करतो, म्हणजे दर १५.६ मिलिसेकंदांनी. तुम्ही कोडमध्ये "१ मिलिसेकंद थांब" लिहिलंत तरी प्रोग्रॅम पुढच्या टिकटिकीपर्यंत झोपू शकतो. पूर्वी दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने टायमर बारीक करून मागितला की तो सगळ्यांसाठीच बारीक व्हायचा. म्हणजे शेजारी ब्राउझर उघडला की तुमचं ॲनिमेशन अचानक पळायला लागायचं! २०२० साली आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून एकाच्या मागणीचा परिणाम असा सगळ्यांवर होत नाही. त्यामुळे एकच प्रोग्रॅम जुन्या आणि नव्या विंडोजवर वेगळा वागू शकतो. झोपेच्या टायमरवर ॲनिमेशनचा वेग बेतायचाच नाही, एवढं यातून घ्या.

ब्राउझरमधली गोष्ट थोडी वेगळी. टॅब मागे गेला की ठरावीक वेळाने काम करणारे सेटइंटरव्हलसारखे टायमर साधारण सेकंदाला एकदावर येतात, आणि पुढची फ्रेम चितारायची वेळ सांगणारं रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम तर थांबतंच. सीएसएसमधली (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतली) ॲनिमेशनं मुळातच घड्याळावर चालतात, त्यामुळे तिथे ही भानगड सहसा नसते.

एक फसवा प्रकारही आहे. विंडोजमध्ये ॲनिमेशन इफेक्ट्स बंद करता येतात, आणि अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ॲनिमेशनचा कालावधी अर्ध्यापासून दहापटीपर्यंत बदलता येतो. कुणीतरी कधीतरी हौसेने ते बदलून विसरलेलं असतं, आणि आपण कोड उपसत बसतो.

कोडमध्ये काय शोधायचं

"स्थान = स्थान + ५" अशी ओळ शोधा. तिच्या जागी "स्थान = स्थान + ३०० × गेलेला वेळ" हवं, वेळ सेकंदांत. युनिटी या खेळ बनवायच्या साधनात हा वेळ टाइम डॉट डेल्टाटाइममध्ये मिळतो, गोडो या तशाच दुसऱ्या साधनात प्रोसेस फंक्शनला डेल्टा म्हणून येतो, ब्राउझरमध्ये रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम देतं त्या दोन वेळांची वजाबाकी करायची.

बरेच जण इथे हात झटकून मोकळे होतात. मीही झालो होतो. पण दुरुस्तीनंतरही वेग जुळत नाही अशा जागा उरतात, आणि त्या शोधायला जास्त वेळ लागतो.

पहिली जागा हळूच थांबणाऱ्या हालचालींची. "उरलेल्या अंतराच्या १० टक्के दर फ्रेमला सरक" ही युक्ती सगळेच वापरतात, कारण दिसते सुंदर. पण अर्ध्या सेकंदात ६० फ्रेमच्या मशीनवर ३० पावलं पडतात आणि अंतर ४ टक्के उरतं. ३० फ्रेमच्या मशीनवर पावलं १५ आणि उरलेलं अंतर २१ टक्के. १४४ वर तर काही उरतच नाही म्हणा. इथे १० टक्क्यांना नुसतं वेळेने गुणून भागत नाही. फरक कमी होतो, जात नाही. उरणारं अंतर ०.९ चा घात म्हणून काढावं लागतं, आणि घातांक म्हणजे ६० गुणिले गेलेला वेळ.

दुसरी जागा पूर्णांकांची, आणि ही मला सगळ्यात आवडते. कारण लक्षणं उलटी दिसतात. समजा वेग सेकंदाला ६० पिक्सेल आहे. ६० हर्ट्झवर दर फ्रेमला बरोबर १ पिक्सेल. १४४ वर ०.४१७. आता स्थान पूर्णांकात साठवत असाल आणि अपूर्णांक कापला जात असेल, तर दर फ्रेमला शून्य मिळतं. महागड्या मॉनिटरवर चेंडू जागचा हलत नाही! स्थान दशांशात साठवा, पूर्णांक फक्त चितारताना करा. गेलेला वेळही पूर्ण मिलिसेकंदांत घेऊ नका; १६.६७ चे १६ केलेत तर वेग तिथेच ४ टक्क्यांनी घसरला.

तिसरी जागा उडी, गुरुत्वाकर्षण, स्प्रिंग यांची. वेळेने गुणूनसुद्धा उडीची उंची फ्रेम रेटनुसार थोडी बदलते, कारण पावलं मोठी असली की हिशेबातली चूकही मोठी. म्हणून असा हिशेब ठरावीक पावलांनी करतात आणि चित्र त्यापासून वेगळं ठेवतात. युनिटीचं पाऊल मुळात ०.०२ सेकंदांचं असतं, गोडोचं सेकंदाला ६० वेळा. पावलं ५० आणि पडदा ६० असला की हालचाल किंचित थरथरते, तेव्हा दोन पावलांच्या मधली जागा काढून चितारावं लागतं.

शिवाय वेळेला वरची मर्यादा घाला. लॅपटॉप झोपेतून उठला आणि "गेलेला वेळ" २० सेकंद निघाला, तर चेंडू एका फ्रेममध्ये ६००० पिक्सेल पलीकडे असेल. मी ०.१ सेकंदावर कापतो.

तपासायला दहा कॉम्प्युटर लागत नाहीत

प्रोग्रॅमला मुद्दाम फ्रेमची मर्यादा घाला: २०, ३०, ६०, मग बिनमर्यादा. प्रत्येक वेळी १० सेकंद चालवा आणि शेवटचं स्थान छापा. चारही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये परफॉर्मन्स भागात प्रोसेसर ४ किंवा ६ पटींनी हळू केल्याचा आव आणता येतो. जुन्या मशीनवर अडखळेल का, हे त्यात दिसतं.

ही डोकेदुखी नवी नाही, बरं का. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा होता, आणि कित्येक खेळ त्याच वेगावर बेतलेले. पुढे जलद पीसी आले तेव्हा त्यांच्या डब्यावर टर्बो नावाचं बटण असायचं, आणि त्याचा एक उपयोग होता मशीनचा वेग कमी करून जुने खेळ खेळण्याजोगे करणं.

दोन वेगळ्या रेटचे मॉनिटर हाताशी असतील तर शेवटची चाचणी त्यांच्यावर करा. ॲनिमेशन चालू असतानाच खिडकी एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर ओढा. माझा चेंडू सगळ्या चाचण्या पास होऊन इथे अडकला होता: रिफ्रेश रेट मी प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच वाचला होता.