घाटात गाडी उकळायला नको असेल तर बॉनेट उघडून स्वतः काय काय बघायचं

कुंभार्ली घाटात आमची गाडी गरम झाली तेव्हा तिला सात वर्षं पण पूर्ण झाली नव्हती. सगळ्या सर्व्हिस कंपनीच्याच सेंटरला, वेळेवर, पुस्तकात शिक्के. गणपती करून चिपळूणहून पुण्याला निघालेलो, मागे आई आणि दोन मुलं, अर्धा घाट चढलो आणि डॅशबोर्डवर लाल थर्मामीटरचं चिन्ह लागलं, गाडी कडेला घेईपर्यंत बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. त्याच्या आधी एक इशारा नाही, कारण ह्या गाडीला टेम्परेचरचा काटाच दिलेला नाही. इंजिन थंड असताना निळा दिवा आणि सगळं हाताबाहेर गेल्यावर लाल दिवा, मधलं काहीच कळत नाही.

टोचन करून पाटणला आणली. तिथल्या मिस्त्रींनी इंजिनच्या मागे हात घालून, हीटरकडे जाणाऱ्या पाईपांच्या मधला प्लास्टिकचा टी जॉइंट काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. अंगठ्याएवढा तुकडा. "दाबून बघा दादा" म्हणाले. चिमटीत दाबला तर बिस्किटासारखा मोडला. तो पार्ट ६४० रुपयांचा, पण तोपर्यंत हेड (इंजिनचा वरचा धातूचा भाग) बेंड झालेलं, त्याच्याखालचं गॅसकेट (सील) गेलेलं, एकूण बिल ४३ हजार. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर उत्तर मिळालं की वॉरंटी संपली, वेअर अँड टेअर आहे. मग हा पार्ट ठराविक वर्षांनी बदला असं मेंटेनन्सच्या तक्त्यात का नाही लिहिलं? टायमिंग बेल्टचं लिहिता, ब्रेक ऑइलचं लिहिता, आणि जो तुकडा गेल्यावर अख्खं इंजिन जातं त्याचा शब्दही नाही. ह्याचा मला खरंच राग आहे, आणि म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहितोय, जे सर्व्हिस सेंटर बघणार नाही ते आपल्यालाच बघावं लागणार आहे.

आधी हे का होतं ते समजून घ्या म्हणजे कुठे बघायचं ते आपोआप कळेल. पेट्रोल-डिझेल जळून जी उष्णता होते त्यातली साधारण एक तृतीयांश कूलंट, म्हणजे इंजिनमधून फिरणारं ग्लायकॉल नावाचं रसायन मिसळलेलं पाणी, वाहून नेतो. छोट्या गाडीत हा सगळा कूलंट मिळून चार-पाच लिटरच असतो, म्हणजे एक लिटर गळला तरी अडचण. सिस्टिम बंद असते आणि आत साधारण १ बार प्रेशर असतं, ते मुद्दाम, कारण प्रेशरमध्ये पाणी उशिरा उकळतं. त्यात निम्मं ग्लायकॉल निम्मं पाणी असेल आणि कूलंटच्या टाकीचं झाकण नीट प्रेशर धरत असेल तर उकळायला १२५ डिग्रीच्या वर जावं लागतं. झाकणाचं रबर गेलं की हा फायदा गेला.

आता ह्या गरम, प्रेशरमधल्या पाण्याला धरून ठेवणारे भाग बघा. रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची पण दोन्ही बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या, मधे रबरी गॅसकेट आणि कडा दुमडून बसवलेल्या. थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) हाउसिंग प्लास्टिक, टी जॉइंट प्लास्टिक, काही गाड्यांत वॉटर पंपाच्या आतला पंखासुद्धा प्लास्टिक. हे काचतंतू घातलेलं नायलॉन असतं, नवीन असताना मजबूत असतं हे खरं, हलकं असतं, साच्यातून एका फटक्यात निघतं, म्हणून कंपनीला स्वस्त पडतं. पण गरम ग्लायकॉल-पाण्यात वर्षानुवर्षं राहून आणि रोज तापून-थंड होऊन ते ठिसूळ होत जातं. पद्मिनी आणि ॲम्बेसेडरचे पितळ-तांब्याचे रेडिएटर गळले की रेडिएटरवाला झाळ मारून द्यायचा आणि गाडी पुढे जायची. त्या गाड्या पण घाटात तापायच्या, जुनं सगळं सोनं होतं असं मी म्हणत नाही, पण ते दुरुस्त होत होतं. प्लास्टिकची टाकी चिरली की अख्खा रेडिएटर बदला.

महिन्यातून एकदा, सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा. पहिली रिझर्व टाकी. कूलंट मिन आणि मॅक्सच्या मधे पाहिजे, आणि मुख्य म्हणजे मागच्या महिन्यात होता तिथेच पाहिजे, त्यासाठी टाकीवर मार्करने रेघ मारून तारीख टाका. ही बंद सिस्टिम आहे, कूलंट पेट्रोलसारखा संपत नाही. लेव्हल खाली गेली म्हणजे कुठेतरी गळतंय, सर्व्हिस सेंटरने "टॉप-अप करून दिलाय साहेब" म्हटलं की विषय संपला असं समजू नका. वर्षात दुसऱ्यांदा टॉप-अप लागला की गळती शोधायलाच लावा.

मग मोबाईलचा टॉर्च. सरळ उजेड मारू नका, बाजूने तिरका मारा, केसाएवढी चीर तशीच दिसते. प्रत्येक जोडावर, प्लास्टिकची टाकी जाळीला मिळते त्या कडेला, क्लिपच्या खाली बघत जा. पातळ गळतीला थेंब दिसत नाही, कारण गरम इंजिनवर पाणी उडून जातं आणि मागे कूलंटच्या रंगाची खरपुडी राहते, गुलाबी किंवा हिरवट, वाळलेल्या मिठासारखी. आमच्या टी जॉइंटखाली ही गुलाबी खरपुडी बोटभर लांब होती, म्हणजे कित्येक महिने झिरपत होतं आणि त्या काळात गाडी दोनदा सर्व्हिसला जाऊन आली होती. प्लास्टिकचा रंग पण बघा. नवीन असताना काळंभोर चकचकीत असतं, म्हातारं झालं की करडं-तपकिरी आणि निस्तेज होतं, नखाने खरवडलं तर भुकटी निघते. तसं दिसलं की चिरायची वाट बघू नका, बदला. रबरी होज दाबून बघा, पिचपिचीत झालेला, फुगलेला किंवा दाबल्यावर कुरकुर आवाज करणारा होज गेला समजा.

पंखा तपासायची सोपी पद्धत म्हणजे गाडी न्यूट्रलला उभी करून, हात आणि कपडे लांब ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर रेडिएटरचा पंखा लगेच किंवा थोड्या वेळात फिरतोच. नाही फिरला तर फ्यूज, रिले, नाहीतर मोटर. बोलेरो-सुमोसारख्या जुन्या गाड्यांत पंखा इंजिनवरच फिरतो, विस्कस कपलिंगवर, त्यातलं सिलिकॉन ऑइल गळलं की पंखा नुसता ढिला फिरतो आणि हवा ओढत नाही. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो, त्या दोघांच्या फटीत पाचोळा, किडे, चिखल अडकतो, ऊसपट्ट्यात राहात असाल तर पाचटाचा भुगा पण. इंजिनच्या बाजूने पुढे असं हलक्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरचा जेट जवळून मारू देऊ नका, जाळीचे पापुद्रे आडवे पडतात.

कूलंटबद्दल लोक सगळ्यात जास्त चुकतात. बोअरचं पाणी टाकू नका, त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो, घरच्या गिझरच्या कॉइलवर चढतो तसाच. डिस्टिल्ड वॉटर वापरा, बॅटरीला घालतो ते. रंग बघून कूलंट निवडू नका, रंग हा कंपनीचा शौक आहे, त्यावरून आतलं केमिकल कळत नाही, आणि वेगवेगळ्या जातीचे मिसळले तर काही वेळा आत चिकट गाळ होतो. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिलाय तोच घ्या. आणि जुना कूलंट गटारात किंवा रस्त्यावर ओतू नका, ग्लायकॉल चवीला गोड असतं, गल्लीतली कुत्री चाटतात आणि किडनी निकामी होऊन मरतात.

काटा नसलेल्या गाडीला एक ब्लूटूथ ओबीडी डोंगल घ्या, काही शे रुपयांत मिळतं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं, मोबाईलच्या ॲपवर कूलंटचं खरं टेम्परेचर दिसतं. काटा असला तरी घ्या, कारण बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधे धरून ठेवलेला असतो, टेम्परेचर वीसेक डिग्री वर-खाली झालं तरी हलत नाही, गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून. साधारण ८५ ते १०० मधे राहिलं तर ठीक, १०८ ला अलार्म लावून ठेवा. एक लक्षात ठेवा, कूलंट पूर्ण गळून गेला तर सेन्सर कोरडा पडतो आणि आकडा खोटा येऊ शकतो, कमी पण दाखवतो.

घाट चढताना तिसऱ्यावर रेटत नेऊ नका, दुसरा टाका, आरपीएम वर राहिला की वॉटर पंप जोरात फिरतो. आकडा चढायला लागला तर एसी बंद, हीटर फुल गरम आणि ब्लोअर फुल, खिडक्या उघडा, हीटर म्हणजे गाडीतला दुसरा छोटा रेडिएटरच आहे. हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली तर तिथपर्यंत कूलंट पोचतच नाहीये, मग एक मिनिटही चालवू नका. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर जागा बघून कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद. "पुढे धाब्यापर्यंत नेऊ" हा एक किलोमीटर हेड वाकवतो, मी चारशे मीटर नेली होती.

झाकण उघडायचं नाही. कितीही घाई असली तरी नाही, आतलं पाणी शंभरच्या वर असतं आणि प्रेशर सुटताक्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. पाऊण तास थांबा, वरचा होज हाताला सोसेल इतका गार आणि मऊ झाला की जाड फडकं टाकून झाकण थोडं फिरवा, फुस्स आवाज थांबू द्या, मग पूर्ण उघडा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो, म्हणून थंड होऊ द्या आणि सावकाश भरा. अडचणीत साधं पाणी चालेल, नंतर फ्लश करून घ्या.

गॅरेजमध्ये दोन गोष्टींना सरळ नाही म्हणा. एक, थर्मोस्टॅट काढून टाकणे. "आपल्याकडे गरमीच असते, काय गरज" असं म्हणतात, पण इंजिन मग थंड चालतं, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये गाळ होतो, आणि काही गाड्यांत बायपास (रेडिएटर टाळून जाणारी वाट) उघडाच राहून उलट जास्त तापतं. दुसरी, गळती बंद करायला रेडिएटरमध्ये हळद किंवा पावडर टाकणे. चीर बुजेल आणि त्याबरोबर नळ्या पण बुजतील.

गाडी एकदा तापली असेल तर हेड तपासून घ्या. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखं दिसतंय का, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येतोय का, थंड इंजिन सुरू केल्याबरोबर रिझर्व टाकीत बुडबुडे येतात का, होज दोन मिनिटांत दगडासारखा होतो का. पावसाळ्यात नुसतं जवळजवळ फिरलं तर झाकणाला थोडा फेस येतो, एवढ्यावरून घाबरू नका. खात्री करायला निळ्या लिक्विडची टेस्ट असते, टाकीतली हवा त्यातून ओढतात, जळका गॅस असला तर रंग पिवळा होतो. हेड काढलंच तर लेथवर फेसिंग (घासून सपाट) करण्याआधी सरळपट्टी लावून किती वाकलंय ते तुमच्यासमोर मोजायला सांगा.

सर्व्हिसला टाकताना जॉब कार्डवर "कूलंट चेक" लिहू देऊ नका, त्याचा अर्थ टॉप-अप. "कूलिंग सिस्टिम प्रेशर टेस्ट, गळती शोधणे, जुने पार्ट परत देणे" असं लिहून घ्या आणि फोटो काढा. प्रेशर टेस्टला हातपंप लावून १ बारच्या आसपास हवा भरतात आणि काही मिनिटं काटा पडतो का बघतात, वीस मिनिटांचं काम आहे. मी आता पाच वर्षं झाली की सगळे प्लास्टिकचे जॉइंट, थर्मोस्टॅट हाउसिंगसकट, आणि टाकीचं झाकण बदलतो, गळत असो नसो. टायमिंग बेल्टवर चालणारा पंप असेल तर बेल्ट बदलतानाच पंप पण, मजुरी एकदाच लागते. आमच्या टी जॉइंटच्या जागी मिस्त्रींनी पितळी जॉइंट बसवून दिला, पन्नास हजार किलोमीटर झाले, खाली खरपुडी नाही.

डिकीत दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर, एक लिटर त्याच ग्रेडचा कूलंट, दोन क्लिपा, स्क्रू ड्रायव्हर, जाड फडकं आणि टोचनचा पट्टा. पट्टा लावायचा हूक कुठे बसतो ते आज घरीच बघून ठेवा, आमचा स्टेपनीच्या खाली होता आणि भर पावसात अख्खं सामान बाहेर काढावं लागलं होतं.