कॉन्व्हेंटच्या टीचरशी बोलताना या चुका टाळा (माझ्या बहुतेक करून झाल्यात)

मुलगी ज्युनिअर केजीपासून सिस्टरांच्या शाळेत आहे, आता सातवीत. आमच्या घरात याआधी कोणी कॉन्व्हेंटची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळे शिकले ते सगळं ठेचा खाऊनच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि मग टीचर. ती चौथीत असताना नणंदेचं लग्न झालं, सोमवारी पोरगी कोपरापर्यंत मेहंदी घेऊन शाळेत गेली आणि कॅलेंडरच्या रिमार्कच्या पानावर लाल पेनाने शेरा आला, 'मेहंदी नॉट अलाउड'. (कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचं नाही हं, शाळेची डायरी, आमच्याकडे तिला कॅलेंडरच म्हणतात.) माझं डोकं फिरलं, सही करायची सोडून पानाचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, वर 'आपल्या सणसमारंभांचंच यांना वावडं का' असं लिहून मोकळी. संध्याकाळपर्यंत चाळीसेक मेसेज, निम्म्या लोकांना नक्की झालंय काय तेही माहीत नाही, आणि कोणीतरी स्क्रीनशॉट थेट टीचरना पाठवला. दुसऱ्या दिवशी भेटायला गेले तर समोर गळ्यात मंगळसूत्र घातलेल्या आपल्यातल्याच बाई. म्हणाल्या, "अहो, नियम आहे म्हणून लिहावं लागतं, तुम्ही दोन ओळींची चिठ्ठी दिली असती तर मी वर दाखवली असती आणि विषय तिथेच संपला असता." काय बोलणार यावर!

त्या दोन ओळी अशा: 'नमस्कार टीचर, घरात लग्न होतं म्हणून मेहंदी काढली आहे, आठ-दहा दिवसांत जाईल. नियम माहीत आहे, एवढ्या वेळी सांभाळून घ्या.' बास. आणि ही चिठ्ठी रिमार्क यायच्या आधी द्यायची, नंतर दिली की ती सारवासारव वाटते.

दुसरी चूक, थेट सिस्टरांच्या केबिनमध्ये घुसणं. आपल्याला वाटतं मोठ्या माणसाशी बोललं की काम होतं, पण सिस्टर पहिल्यांदा विचारणार, क्लास टीचरशी बोललात का? नाही म्हटलं की तुम्हाला परत खाली पाठवणार आणि टीचरच्या मनात कायमची अढी. आधी क्लास टीचर, मग सुपरवायझर, मग प्रिन्सिपल, असंच जायचं. अपवाद एकच, पोराला मारलं असेल, घालूनपाडून बोललं असेल किंवा कोणी वाईट हेतूने हात लावला असेल तर ही शिडी विसरा, प्रिन्सिपलना लेखी तक्रार द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि तिथे 'बघतो, बघतो' सुरू झालं तर १०९८ ला फोन करा, मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे. हात लावल्याचा प्रकार असेल तर पोलिसांत जायला शाळेची परवानगी लागत नाही.

इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसणं, हेही खूप जणांचं होतं. माझ्या जावेने दोन वर्षं ओपन हाऊसला दिरांनाच पाठवलं, ते मार्क बघून सही करून यायचे. अहो, वसईकडचे कितीतरी फादर-सिस्टर घरात मराठीच बोलतात, २०२० मध्ये उस्मानाबादला ९३वं साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच की! बिनधास्त मराठीत बोला. केरळ किंवा मंगळुरूकडच्या सिस्टर असतील तर हिंदी आहेच.

आता नाजूक विषय, प्रार्थना. असेंब्लीत प्रेयर होते, ख्रिस्ती मुलांना कॅटेकिझमचा, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाचा तास असतो आणि त्या वेळी बाकीची मुलं मॉरल सायन्सला बसतात, बहुतेक ठिकाणी असंच चालतं. तरी शंका असेल तर टीचरला साधं विचारा, "या तासाला काय घेता?" भांडणाच्या सुरात नको. राज्यघटनेचं कलम २८(३) आहेच, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय लहान मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. बसवायचं नसेल तर तसं लिहून द्या. शाळेची धास्ती काही आजची नाही म्हणा, जोतीराव फुल्यांना वडिलांनी, गोविंदरावांनी, शाळेतून काढलं होतं, मग शेजारच्या गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेबांनी गोविंदरावांची समजूत घातली तेव्हा कुठे १८४१ मध्ये ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले.

फीबद्दल क्लास टीचरवर डाफरणं तर निव्वळ वेडेपणा, त्या बिचारीच्या हातात काय असतं? महाराष्ट्रात २०११ चा फी कायदा आहे, त्यात पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, प्रत्येक इयत्तेतून एक पालक, आणि निवड चिठ्ठ्या टाकून. जूनमध्ये नोटीस येते तेव्हा नाव द्यायचं नाही आणि मग वर्षभर गेटवर कुरकुर. आणि हो, आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांसाठी अल्पसंख्याक शाळेत वाद घालू नका, २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तो कायदा या शाळांना लागूच नाही.

ओपन हाऊसला मागे रांग असते, पाचच मिनिटं मिळतात, त्यात मुलासमोर टीचरची उलटतपासणी घेऊ नका. मोठं बोलायचं असेल तर कॅलेंडरमध्ये लिहून वेगळी वेळ मागा.

शेवटची चूक, तोंडी शब्दावर विसंबणं. सिस्टरांच्या बदल्या होतात, मे महिन्यात जातात आणि जूनमध्ये खुर्चीत वेगळाच चेहरा. लेकीला दमा आहे, धूळ असली की पीटीला पळवायचं नाही असं जुन्या सिस्टरांनी मान्य केलं होतं, नशीब मी ते कॅलेंडरमध्ये लिहून त्यांची सही घेतली होती. नव्या सिस्टर आल्यावर जुनं कॅलेंडर घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, पीटीच्या सरांना बोलावलं आणि नव्या कॅलेंडरच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं.