दोन मेगावॉट सौर वीज उपकेंद्रापर्यंत नेताना: ११ केव्ही लाईन कशी आखावी

पीएम-कुसुम आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे कोल्हापूर जिल्ह्यात गावाजवळच्या ३३/११ केव्ही उपकेंद्राला (३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर आणणाऱ्या) छोटे सौर प्रकल्प जोडले जात आहेत. पॅनेल कुठलं घ्यायचं, जमिनीचं भाडं किती, यावर बैठका होतात. प्रकल्पापासून उपकेंद्रापर्यंतची लाईन मात्र 'ते कंत्राटदार बघेल' म्हणून सोडून दिली जाते. पुढे भर उन्हात इन्व्हर्टर बंद पडायला लागले, की कारण बहुतेक वेळा त्या लाईनमध्ये किंवा उपकेंद्राच्या व्होल्टेजमध्ये सापडतं. म्हणून पॅनेलची ऑर्डर देण्याआधी लाईनचा हिशेब पुरा करा. इथे उदाहरणासाठी २ मेगावॉटचा प्रकल्प आणि ५ किलोमीटर लाईन धरली आहे. एवढ्या प्रकल्पाला आठ ते दहा एकर जमीन लागते.

आधी उपकेंद्रातली लॉगशीट

यंत्रचालक दर तासाला ११ केव्ही बसचं, म्हणजे सगळ्या लाईन जिला जोडलेल्या असतात त्या सामायिक पट्टीचं व्होल्टेज आणि तिथून निघणाऱ्या प्रत्येक फिडरचा (लाईनचा) करंट लिहितो. रीतसर परवानगी घेऊन मागच्या बारा महिन्यांच्या नोंदी पाहा. आपल्याला सकाळी ११ ते दुपारी ३ एवढाच वेळ हवा आहे. सरासरी काढत बसू नका, सगळ्यात जास्त व्होल्टेज आणि सगळ्यात कमी भार असलेले दिवस शोधा. आपल्याकडे असे दिवस बहुधा पावसाळा सरताना येतात. आकाश निवळलेलं असतं, ऊन कडक असतं, पण उसाला पाणी लागत नाही म्हणून मोटारी बंद असतात. हातकणंगले, कागल, इचलकरंजी भागातलं उपकेंद्र असेल तर कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवसही वेगळा तपासा.

११ केव्हीवर व्होल्टेज जास्तीत जास्त ६ टक्के वर जाऊ शकतं, म्हणजे ११.६६ केव्ही. प्रकल्पातून बसकडे वीज ढकलताना प्रकल्पाच्या टोकाचं व्होल्टेज बसपेक्षा वर चढतं. दुपारी बस आधीच ११.४ वर असेल तर या चढासाठी तुमच्या वाट्याला फक्त ०.२६ केव्ही उरतं, साधारण सव्वादोन टक्के. हा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा, तारेची निवड त्याच्यावर ठरणार आहे. बस इतकी वर का असते, हेही विचारा. पुष्कळदा संध्याकाळच्या भारासाठी ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायचा खटका) वाढवलेला असतो आणि दुपारी तो खाली आणला जात नाही. टॅपच्या वेळा ठरवून घेण्याला काहीच खर्च येत नाही, आणि नव्या तारेइतकाच त्याचा उपयोग होतो.

दुसरा प्रश्न उलट्या प्रवाहाचा. समजा ट्रान्सफॉर्मर ५ एमव्हीएचा (साधारण ५ मेगावॉट वाहणारा) आहे, दुपारचा किमान भार १ मेगावॉट आहे, आणि तुमच्या आधी ३ मेगावॉटचा दुसरा प्रकल्प मंजूर झाला आहे. मग दोघांची मिळून ५ मेगावॉट वीज येणार आणि त्यातली ४ मेगावॉट ३३ केव्हीकडे चढणार. ट्रान्सफॉर्मर ती सोसेल. पण पुढची ३३ केव्ही लाईन आणखी दोन-तीन उपकेंद्रांची असू शकते, आणि गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पांची वीजही त्याच भागातल्या जाळ्यात येत असते. मंजूर झालेल्या पण अजून सुरू न झालेल्या प्रकल्पांची यादी लेखी मागा. तोंडी 'जागा आहे' या उत्तरावर पैसे गुंतवू नका.

जोडणी बसला, शेतीच्या फिडरला नाही

प्रकल्पाच्या कुंपणाशेजारून शेतीपंपाचा फिडर जात असेल तर तिथेच जोडून चार किलोमीटर लाईन वाचवावी, असं वाटतं. तसं करू नका. शेतीचा फिडर वेळापत्रकाने चालू-बंद होतो. शिवाय उसाचं पान, वेल, पक्षी अशा कारणांनी तो ट्रिप होत राहतो. फिडर गेला की तुमची निर्मिती गेली. वीज परत आल्यावरही व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी किमान ६० सेकंद स्थिर राहिल्याशिवाय इन्व्हर्टरने जाळ्याला जुळायचं नसतं. उपकेंद्रात स्वतंत्र बे (लाईन जोडायची राखीव जागा), स्वतंत्र व्हॅक्युम ब्रेकर आणि तिथवर स्वतंत्र लाईन हाच धड मार्ग. त्या बेसाठी यार्डात जागा आहे का, हे पहिल्याच भेटीत पायाने मोजून या.

तार: डॉग, रॅबिट की विझल

डॉग, रॅबिट, विझल ही जाड ते बारीक अशा उघड्या तारांची बाजारातली नावं. २ मेगावॉटचा ११ केव्हीवरचा करंट साधारण १०५ अँपिअर. तापमानाचा विचार केला तर ५० चौरस मिलिमीटरची रॅबिट तार हा करंट सहज वाहते, आणि नेमकी इथेच फसगत होते. तार जळणार नाही, पण व्होल्टेज चढेल.

हिशेब सोपा आहे. लाईनचा एकूण रोध ओहममध्ये घ्या, त्याला मेगावॉटने गुणा आणि केव्हीच्या वर्गाने, म्हणजे १२१ ने, भागा. डॉग तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ०.२८ ओहम, म्हणजे ५ किलोमीटरला १.४. दोनने गुणून १२१ ने भागलं की २.३ टक्के येतात. रॅबिटचा रोध ०.५५, चढ ४.६ टक्के. विझलचा ०.९३, चढ ७.७ टक्के, म्हणजे तिचा विचारच सोडा. हे आकडे २० अंश तापमानाचे आहेत. तार ७५ अंशांपर्यंत तापली की रोध साधारण २२ टक्क्यांनी वाढतो, मग डॉगचाही चढ २.८ टक्के होतो. आता वहीतला सव्वादोनाचा आकडा पाहा. ११.४ केव्हीच्या बसवर डॉगसुद्धा काठावर आहे.

अशा वेळी इन्व्हर्टरला ०.९५ पॉवर फॅक्टरवर जाळ्यातून रिअ‍ॅक्टिव्ह वीज (काम न करणारी, पण व्होल्टेजवर परिणाम करणारी) ओढायला लावता येतं. त्याने आपल्या उदाहरणात व्होल्टेज जवळपास एक टक्क्याने उतरतं. पण त्याची किंमत आहे: करंट ५ टक्क्यांनी आणि तारेतला तोटा ११ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे आधी टॅप, मग तार आणि शेवटी पॉवर फॅक्टर, या क्रमाने उपाय करा.

युनिटी पॉवर फॅक्टरला, म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह वीज शून्य असताना, चढाचे जितके टक्के, तितकेच पूर्ण भारावर तोट्याचे टक्के. डॉगमध्ये ४६ किलोवॉट, रॅबिटमध्ये ९१. वर्षभराचं ऊन कमी-जास्त धरून ढोबळ हिशेब केला तर रॅबिटमध्ये डॉगपेक्षा ४५ हजार युनिट जास्त जातात. मोजणी उपकेंद्राच्या टोकाला होते, त्यामुळे हा तोटा प्रकल्पवाल्याच्याच खिशातून जातो, आणि तोही पुढची २५ वर्षं. डॉगचं वजन किलोमीटरला ३९४ किलो. तीन तारा, झोल आणि जंपर (खांबावर दोन तारा जोडणारे तुकडे) धरून साडेपंधरा किलोमीटर तार लागते, म्हणजे सहा टनांच्या थोडी वर. ड्रम उतरवून घेताना वजनकाट्यावर खात्री करा.

मार्ग आणि खांब

नियमाने ११ केव्हीची उघडी तार रस्ता ओलांडताना जमिनीपासून ६.१ मीटर, रस्त्याच्या कडेने ५.८ आणि इतरत्र ४.६ मीटर उंच हवी. हा शेवटचा आकडा उसाच्या पट्ट्यात पुरेसा धरू नका. उभा ऊसच साडेतीन-चार मीटरला जातो आणि भरलेल्या ट्रॉलीवर मोळ्या रचलेल्या असतात, त्यांच्यावर माणूस उभा असतो. फडाच्या प्रत्येक वाटेवर ६.१ मीटर धरूनच चला. खांबाच्या लांबीचा सहावा हिस्सा जमिनीत जातो. ८ मीटरचा खांब वर उरतो ६.६७, त्यातून क्रॉसआर्म आणि झोल वजा केला की रस्त्याकडेची उंचीही निसटते. म्हणून किमान ९ मीटर आणि ओलांडणीला ११ मीटरचे खांब घ्या.

झोल अंतराच्या वर्गाने वाढतो. दोन खांब वाचवायला ५० मीटरचा गाळा ७० मीटर केला तर झोल जवळजवळ दुप्पट होतो. ५० मीटरने पाच किलोमीटरला शंभरेक जागा लागतात. वळणांवर आणि सरळ मार्गातही साधारण दर किलोमीटरला दुहेरी खांब (डबल पोल, म्हणजे डीपी) द्या. गावात ट्रान्सफॉर्मरलाच डीपी म्हणतात, त्यामुळे शेतमालकाशी बोलताना कुठली डीपी हे स्पष्ट करा, नाहीतर गैरसमजातून काम अडतं. तार ओढायची ती हिवाळ्यातल्या ताणाने नाही, तर त्या दिवसाचं तापमान बघून झोलाच्या तक्त्याप्रमाणे.

शिरोळ, करवीरच्या काळ्या रानात माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. नुसत्या मातीने भरलेला खांब दोन वर्षांत कलतो. तळाला पाया, भोवती काँक्रीट आणि वर पाणी उतरून जाईल असा उतार द्या. नदीकाठी २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा घरांच्या भिंतींवर आहेत. त्या पातळीपासून तारेची उंची मोजा, कारण पुरात याच रानातून बचावाच्या होड्या जातात. पॅनेलचं नियंत्रण घर आणि ब्रेकरही त्या खुणेच्या वर हवेत.

राधानगरी, शाहूवाडी, आजऱ्याकडे जांभा दगड लागतो. तिथे खांब घट्ट बसतो, पण अर्थिंग मिळत नाही. नेहमीची कॉइल, ५० मिलिमीटर व्यासाचे ११५ वेढे दीड मीटर खोल, तिथे अपुरी पडते. तीन मीटरचे पाइप समांतर जोडा आणि दोन पाइपांत लांबीच्या दुप्पट अंतर ठेवा. मोजमाप एप्रिल-मेमध्ये करा. पावसाळ्यात कुठलंही अर्थिंग चांगलंच दिसतं, आणि वळवाच्या विजा मात्र कोरड्या जमिनीवर पडतात.

संरक्षण: सगळ्यात जास्त चूक होते ती इथे

प्रकल्पाच्या ट्रान्सफॉर्मरची ११ केव्ही बाजू बहुधा डेल्टा असते, म्हणजे तिला जमिनीशी जोडलेला न्यूट्रल नसतो. एक तार तुटून जमिनीला टेकली की उपकेंद्राचा ब्रेकर उघडतो, आणि त्या क्षणी उपकेंद्राच्या न्यूट्रलचं अर्थिंगही लाईनपासून तुटतं. इन्व्हर्टर अजून चालू असेल तर उरलेल्या दोन तारांचं जमिनीशी व्होल्टेज १.७३ पट होतं, म्हणजे ६.३५ वरून ११ केव्ही. लाईनवरचे लाइटनिंग अरेस्टर (विजेपासून वाचवणारी साधनं) ९ केव्हीचे असतात. ते फुटतात, आणि दोष 'वीज पडली' म्हणून लिहिला जातो. साध्या अर्थ फॉल्ट रिलेला हे दिसत नाही, कारण डेल्टातून जमिनीकडे करंटच जात नाही. म्हणून प्रकल्पाच्या टोकाला ओपन डेल्टा जोडणीचा पीटी (व्होल्टेज मोजायचा छोटा ट्रान्सफॉर्मर) आणि तीन तारांचं जमिनीशी व्होल्टेज असमान झालेलं ओळखणारा न्यूट्रल डिस्प्लेसमेंट रिले बसवलाच पाहिजे. त्याच्यासोबत ओव्हरकरंट, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीच्या वरच्या-खालच्या मर्यादा, आणि उपकेंद्रात करंट कुठल्या बाजूने येतो ते ओळखणारे दिशादर्शक रिले हवेत.

उपकेंद्राच्या ब्रेकरला 'लाईन मृत आहे' ही खात्री झाल्याशिवाय तो बंद होणार नाही असं इंटरलॉक द्या. ऑटो-रिक्लोज (ब्रेकर आपोआप पुन्हा बसण्याची सोय) बंद ठेवा. चालत्या प्रकल्पावर, दोन्हीकडची वीज जुळलेली नसताना ब्रेकर बसला तर इन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्हींना धक्का बसतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लाईनमनचा जीव. या लाईनला दोन्ही टोकांनी वीज येते, हा फलक प्रत्येक दुहेरी खांबावर लावा. कामाचं परमिट देताना दोन्ही टोकांचे आयसोलेटर (लाईन तोडणारे स्विच) उघडून कुलूप लावा आणि कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारा जमिनीशी जोडणारे डिस्चार्ज रॉड टाका.

मीटर आणि चार्जिंग

मुख्य आणि तपासणी असे दोन मीटर लागतात, सीटी (करंट मोजायचा ट्रान्सफॉर्मर) आणि पीटीसह ०.२ वर्गाच्या अचूकतेचे. १०५ अँपिअरला १५० चा सीटी बरोबर बसतो. पुढे वाढ होईल म्हणून ४०० चा घेऊ नका, सकाळ-संध्याकाळची कमी निर्मिती मोजताना त्याची अचूकता ढळते.

विद्युत निरीक्षकांची परवानगी हातात आल्यावरच लाईन चार्ज करा, म्हणजे तिच्यात वीज सोडा. त्याआधी ५ केव्ही मेगरने इन्सुलेशन, सेकंडरी इंजेक्शनने (बाहेरून चाचणीचा करंट देऊन) रिले आणि फेजचा क्रम तपासा. पहिलं चार्जिंग उपकेंद्राच्या बाजूने, प्रकल्पाचा ब्रेकर उघडा ठेवून. लाईन एक दिवस तशीच ठेवा, मग ट्रान्सफॉर्मर, मग एकेक इन्व्हर्टर. पूर्ण भार आला की भर दुपारी थर्मल कॅमेऱ्याने प्रत्येक जंपर आणि क्लॅम्प बघा. शेजारच्या जोडापेक्षा गरम दिसला तो त्याच आठवड्यात उघडून घासून पुन्हा आवळा. अशाच ढिल्या जंपरची ठिणगी वाळल्या पाचटावर पडते आणि आख्खा फड जातो. गळीत सुरू होण्याआधी दरवर्षी ही फेरी करा, आणि लाईनखाली पाचट पेटवू नये हे शेजारच्या शेतकऱ्यांना बांधावर जाऊन सांगा. ज्वाळा आणि धुरातूनही दोन तारांत आर्क होतो.