लीडर की सुपरवायझर? रजेच्या अर्जावर सही कुणाची ते बघा

कुपवाडच्या एमआयडीसीतली फाउंड्री धरा, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओतून भाग बनवणारा कारखाना. हाताला कसब असलेल्या जुन्या मोल्डरला, म्हणजे साचे बनवणाऱ्याला, एक दिवस सांगितलं जातं, “उद्यापासून लाईन तू बघ.” लीडर म्हणून की सुपरवायझर म्हणून, हे कुणीच बोलत नाही. मग एखादा येऊन म्हणतो, “ऊस तोडायला टोळी आलीय, दोन दिवस सुट्टी पाहिजे,” आणि घोळ सुरू होतो.

लीडर स्वतः साचे भरतो. सकाळी काम वाटून देतो, नव्या पोराला रॅमिंग, म्हणजे साच्यात वाळू ठोकून घट्ट बसवणं, दाखवतो, वाळू मुठीत दाबून बघतो. ओलावा साधारण 3 ते 4 टक्के हवा. जास्त झाला की कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, ब्लोहोल (वायूमुळं पडणारी पोकळ छिद्रं), कमी पडला की साच्याच्या कडा ढासळतात. अशा वेळी मिक्सर थांबवायचा अधिकार त्याला हवाच. पण वाळूत हयगय करणाऱ्याचा रिपोर्ट लिहिणं, रजा मंजूर करणं, ओटीच्या (ओव्हरटाईमच्या) स्लिपवर सही करणं ही कामं सुपरवायझरची.

पद देण्याआधी त्या माणसानं गेल्या दोन आठवड्यांत केलेली कामं कागदावर उतरवा. प्रत्येकापुढं लिहा: स्वतः ठरवतो, सुचवतो, की नुसता निरोप पोचवतो. रजा, ओटी आणि शिस्त यांपुढं ‘ठरवतो’ आलं, तर तो सुपरवायझर. ‘सुचवतो’ आलं, तर लीडर. मग त्याला लीडरचा भत्ता द्या आणि रजेचं रजिस्टर त्याच्याकडून काढून घ्या. सगळा घोळ त्या रजिस्टरमुळंच होतो.

नुसतं पदनाम बदलून कायदा चुकवता येत नाही. मुख्य काम काय, ते न्यायालय बघतं. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत पर्यवेक्षणाचं काम आणि महिना 18,000 रुपयांवर वेतन, दोन्ही असेल तरच सुपरवायझर ‘कामगार’ या व्याख्येबाहेर जातो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हीच मर्यादा 10,000 होती.

सेकंड शिफ्टचं मात्र वेगळं लिहून ठेवा. सुपरवायझर सहाला घरी जातो, मागं लीडर एकटाच उरतो. कुणाचं बोट चेपलं तर आधी मशीन बंद, मग गाडीतून दवाखाना, आणि त्यानंतर सुपरवायझरला फोन. गेटपाससाठी परवानगीची वाट बघायची नाही, हे त्याच कागदावर लिहून कागद गेटवरच्या वॉचमनलाही द्या. नाहीतर तो गाडी अडवतो.