पॉइंट गार्ड घडवताना या चुका टाळा

चौदा वर्षांखालील मुलांचा बास्केटबॉलचा कोणताही आंतरशालेय सामना पाहायला बसावे, एक प्रसंग हमखास पाहायला मिळतो. प्रतिस्पर्धी संघाने नुकतीच बास्केट केलेली असते. आपला पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू वर नेऊन आक्रमण रचणारा खेळाडू, एंडलाइनजवळ (रिंगमागच्या सीमारेषेजवळ) चेंडू घेतो, उजव्या साइडलाइनच्या कडेने धावत सुटतो, मधली रेषा ओलांडतो आणि तिथेच दोन बचावपटू त्याच्या अंगावर येतात. तो ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणे) थांबवतो, चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर धरतो आणि बाकावरून ‘पास दे, पास दे’ असा गलका झाला की समोर जो दिसेल त्याच्या दिशेने चेंडू फेकून मोकळा होतो. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो. टाइम आउटमध्ये प्रशिक्षक त्याला पासवरून बोलतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून भिंतीवर शंभर चेस्ट पास करून घेतात.

पास वाईट होता, हे खरेच आहे. मात्र ती चूक पाच-सहा सेकंद आधी, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला झाली होती आणि भिंतीवरच्या शंभर पासांनी ती दुरुस्त होणार नाही. गेली काही वर्षे लहान गार्ड मुलामुलींना शिकवताना मला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली आहे की, या जागेवरच्या खेळाडूचा दोष जिथे डोळ्यांना दिसतो त्याच्या एक पाऊल आधी त्याचे मूळ असते आणि आपण प्रशिक्षक व पालक मात्र दिसतो तिथेच औषध लावत बसतो.

चेंडू कोपऱ्यात अडकतो तेव्हा

वरचाच प्रसंग उलट्या क्रमाने पाहू. नियमानुसार संघाला ८ सेकंदांत चेंडू मधल्या रेषेपलीकडे न्यावा लागतो आणि एकदा पलीकडे गेल्यावर तो मागच्या अर्ध्यात परत आणता येत नाही. म्हणजे रेषा ओलांडल्या ओलांडल्या साइडलाइनजवळ उभ्या असलेल्या गार्डला दोन माणसांनी घेरले, तर पाठीमागची मधली रेषा आणि बाजूची साइडलाइन हे आणखी दोन बचावपटू फुकटात उभे राहतात. त्यात त्याने ड्रिबल संपवलेला असेल तर पुन्हा सुरू करण्याची मुभा नाही आणि एक मीटरच्या आत बचावपटू उभा असताना चेंडू ५ सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवता येत नाही. तिथे उभ्या असलेल्या तेरा वर्षांच्या मुलाकडून चांगल्या पासची अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

तो त्या कोपऱ्यात गेला का? कारण त्याने पहिला पास घेतला तेव्हा त्याची पाठ प्रतिस्पर्ध्यांच्या रिंगकडे होती. चेंडू हातात आल्यावर तो वळला, वळताना मैदानाचा उजवा भागच त्याच्या नजरेत आला आणि उजवा हात सवयीचा असल्यामुळे पावलेही तिकडेच वळली. त्याच्याकडे उपलब्ध असलेला निम्मा मार्ग पहिल्या ड्रिबलआधीच बंद झाला होता.

म्हणून दुरुस्ती चेंडू घेण्याच्या क्षणापासून सुरू करावी. एंडलाइनकडून येणारा पास अर्ध्या अंगाने वळून, एक खांदा पासकडे आणि दुसरा समोरच्या रिंगकडे ठेवून घ्यायला शिकवावे. पहिला ड्रिबल टाकण्यापूर्वी एकदा समोर पाहणे सक्तीचे करावे. चेंडू शक्यतो मैदानाच्या मधल्या पट्ट्यातून वर न्यावा. दोन बचावपटू जवळ येताना दिसले की पुढे घुसण्याऐवजी दोन ड्रिबल मागे घ्यावेत. या मागच्या ड्रिबलला मुले भित्रेपणा समजतात, त्यामुळे तो मुद्दाम समजावून द्यावा लागतो: दोघे पुढे खेचले गेले की त्यांच्या मागे आपल्या चौघांसमोर तिघेच उरतात आणि मागे सरकल्यामुळे हा चौघांचा खेळ दिसायला पुरेसे अंतर मिळते. सरावात एका गार्डसमोर दोन बचावपटू ठेवून, मोठ्याने आठपर्यंत मोजत, त्याला एंडलाइनपासून मधल्या रेषेपर्यंत यायला लावावे. पहिले काही दिवस तो बहुतेक वेळा चेंडू घालवेल, ते चालू द्यावे.

ड्रिबल जिवंत ठेवण्याचा उत्तम वस्तुपाठ स्टीव्ह नॅशच्या खेळात सापडतो. फिनिक्स सन्सचा हा गार्ड २००५ आणि २००६ अशी सलग दोन वर्षे एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तो काही अंगाने दांडगा नव्हता. रिंगपर्यंत घुसल्यावर शॉटची संधी दिसली नाही तर तो चेंडू उचलत नसे. ड्रिबल तसाच चालू ठेवून रिंगखालून एंडलाइनच्या कडेने दुसऱ्या बाजूला बाहेर पडत असे आणि तेवढ्या वेळात बचाव विस्कटून कुणी तरी मोकळा होत असे. पुढे पास कुठे जाणार हे ठरल्याशिवाय ड्रिबल संपवायचा नाही, ही एवढी एकच सवय लागली तरी शालेय पातळीवरचे कितीतरी टर्नओव्हर (चेंडू प्रतिस्पर्ध्याला गमावणे) टळतील.

मान खाली जाते, कारण चेंडू मोठा असतो

‘वर बघून खेळ’ ही सूचना देशातल्या प्रत्येक बास्केटबॉल मैदानावर दिवसातून पन्नास वेळा दिली जाते आणि ती जवळजवळ निरुपयोगी आहे. मूल खाली पाहते, कारण खाली पाहिले नाही तर चेंडू सुटेल अशी त्याला भीती असते. ही भीती बहुतेकदा रास्त असते. बारा वर्षांखालील मुलांसाठी ५ नंबरचा चेंडू आणि २.६० मीटर उंचीची रिंग ठरवलेली आहे. महिलांचा चेंडू ६ नंबरचा आणि पुरुषांचा ७ नंबरचा. प्रत्यक्षात आपल्या शाळांमध्ये सगळ्यांसाठी मिळून ७ नंबरचे तीन-चार चेंडू असतात, सिमेंटच्या मैदानावर घासून त्यांचे दाणे गुळगुळीत झालेले असतात आणि हवाही कमी असते. अशा चेंडूची उसळी दर वेळी वेगळी येते. दहा वर्षांच्या मुलीचा पंजा त्यावर नीट पसरतही नाही, मग तिने नजर वर ठेवायची तरी कशी? आधी योग्य आकाराचा चेंडू द्यावा, त्यात हवा भरावी आणि मगच मान तपासावी.

त्यानंतरही मान खाली राहत असेल, तर वर पाहण्यासाठी काहीतरी कारण द्यावे. प्रशिक्षकाने बोटे दाखवायची आणि मुलाने ड्रिबल करत आकडा सांगायचा, हा सराव सगळ्यांना माहीत आहे. तो सुरुवातीला ठीक असला तरी त्यात एकाच ठिकाणी पाहावे लागते. त्याऐवजी चार सहकाऱ्यांना मैदानभर हलते ठेवावे, त्यांतल्या एकाने मधूनच हात वर करायचा आणि गार्डने ड्रिबल न थांबवता त्याचे नाव पुकारायचे. दोन आठवड्यांनी हात वर करणे बंद करून, ज्याच्यापासून बचावपटू दूर आहे त्याचे नाव घ्यायला सांगावे. इथे पाहण्याचा खरा सराव सुरू होतो.

मोबाइलवर पाहून एका जागी दहा क्रॉसओव्हर (चेंडू एका हातातून दुसऱ्या हाताकडे आपटणे) करणाऱ्या मुलांबद्दल इतकेच सांगतो: आक्रमणाला एकूण २४ सेकंद मिळतात, त्यांतले चार सेकंद ज्या हालचालीत खर्च झाले तिने बचावपटू एक पाऊलही मागे हटला नसेल, तर ती सरावातून काढून टाकावी.

शॉट: क्रम चुकला की सगळे चुकते

इथे टोनी पार्करची वाटचाल सविस्तर सांगण्यासारखी आहे. पॅरिसमध्ये घडलेल्या या गार्डला सॅन अँटोनियो स्पर्सने २००१ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) २८व्या क्रमांकावर निवडले, तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि पहिल्याच हंगामात अवघ्या काही सामन्यांनंतर तो सुरुवातीच्या पाचांत खेळू लागला. २००३ मध्ये स्पर्सने विजेतेपद मिळवले, परंतु अंतिम मालिकेच्या निर्णायक सामन्यात शेवटच्या टप्प्यावर पार्करला बसवून स्पीडी क्लॅक्स्टनला खेळवण्यात आले आणि त्याच उन्हाळ्यात स्पर्सने जेसन किड या नामवंत गार्डला आपल्याकडे आणण्याचा प्रयत्न केला. विजेत्या संघाच्या तरुण गार्डला यापेक्षा स्पष्ट शब्दांत त्याची उणीव कळू शकत नाही. तो विलक्षण चपळ होता; पण त्याचा लांबचा शॉट भरवशाचा नव्हता, त्यामुळे बचावपटू दोन पावले मागे सरकून त्याची घुसण्याची वाट अडवत.

२००५ मध्ये चिप एंगेलँड हे शूटिंगचे प्रशिक्षक स्पर्समध्ये आले. त्यांनी काय केले ते आपल्याकडच्या प्रत्येक प्रशिक्षकाने लक्षात घ्यावे. त्यांनी पार्करला तीन गुणांचे शॉट आधी जवळजवळ सोडायला लावले, मधल्या अंतरावरचा शॉट नव्याने बसवला आणि पकडीतली अंगठ्याची जागासुद्धा बदलली. ज्या अंतरावर तो कच्चा होता तिथेच हजारो शॉट मारून घेण्याचा सोपा मार्ग त्यांनी घेतला नाही. २००५–०६ च्या हंगामात पार्करच्या मैदानी शॉटची टक्केवारी ५४.८ होती. उंच खेळाडूंच्या हातांवरून हलकेच सोडला जाणारा त्याचा फ्लोटर तर सगळ्या लीगला डोकेदुखी ठरला होता. २००७ मध्ये अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरणारा तो पहिला युरोपीय झाला.

आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा असतो. सराव सुरू होण्याआधीची पंधरा मिनिटे मुले तीन गुणांच्या, ६.७५ मीटरच्या रेषेबाहेर उभी राहून, ताकद पुरत नाही म्हणून कंबरेपासून चेंडू भिरकावत असतात. त्यांतला एखादा पडतो आणि तीच पद्धत अंगात मुरते. रिंगपासून दोन मीटरवर एका हाताने, कोपर रिंगच्या दिशेने ठेवून मारलेले शॉट सलग पडू लागल्याशिवाय मागे सरकू नये.

शॉटची पद्धत बदलायचीच असेल तर ती हंगाम सुरू असताना बदलू नये. एनबीएतला नामांकित शूटर स्टीफन करी शाळेत असताना कंबरेच्या उंचीवरून शॉट सोडत असे. त्याचे वडील डेल करी, स्वतः एनबीए खेळलेले, यांनी एका उन्हाळ्यात त्याचा हात वर नेला आणि त्या काळात त्याला रिंगपासून थोड्या अंतरावरूनही धड शॉट मारता येत नव्हते. सामने सुरू असताना एखाद्या मुलाची अशी अवस्था केली तर तो शॉट मारणेच सोडून देतो. दुसरीकडे, पद्धत वेगळी दिसते एवढ्यासाठी ती मोडूही नये. इंडियाना पेसर्सचा टायरीस हॅलिबर्टन छातीसमोरून ढकलल्यासारखा शॉट मारतो आणि तरीही त्याचे तीन गुणांचे शॉट चाळीस टक्क्यांच्या आसपास पडतात. शॉट दर वेळी एकाच प्रकारे सुटतो का आणि बचावपटूला तो अडवता येतो का, हे दोन प्रश्न विचारून मग निर्णय घ्यावा.

आपण मोठी माणसे करतो त्या चुका

सगळ्यांत बुटका मुलगा गार्ड आणि सगळ्यांत उंच मुलगा रिंगखाली, ही वाटणी अकराव्या वर्षी करून टाकणे मला सर्वाधिक खटकते. मॅजिक जॉन्सन २.०६ मीटर उंचीचा पॉइंट गार्ड होता आणि त्याने लॉस एंजेलिस लेकर्सला पाच विजेतेपदे मिळवून दिली. अकराव्या वर्षी उंच असलेली मुलगी सोळाव्या वर्षी संघात मध्यम उंचीची ठरू शकते आणि तोवर तिच्या हाताला चेंडूची सवयच लागलेली नसते. किमान चौदाव्या वर्षापर्यंत सगळ्यांकडून चेंडू वर नेण्याचा सराव करून घ्यावा.

झपाट्याने उंची वाढण्याच्या काळात हातात बसलेला ड्रिबलही अनेकदा बिघडल्यासारखा होतो. हातपाय लांबतात, अंदाज चुकतात. पालकांना वाटते की, मुलाचे लक्ष उडाले. या काळात त्याला ओरडण्याऐवजी सोपे सराव पुन्हा द्यावेत. याच वयात गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखू लागले, तर सिमेंटच्या मैदानावरच्या उड्या ताबडतोब कमी कराव्यात आणि डॉक्टरांना दाखवावे. ‘थोडे सहन कर’ असे सांगून खेळवू नये.

दुसरी मोठी चूक बाकावरून होते. प्रत्येक आक्रमणात प्रशिक्षक ओरडून चाल सांगू लागले की, गार्डची नजर मैदानाऐवजी बाकाकडे जाते. ज्याने चौघांना पाहायचे तो आपल्याला पाहत असेल, तर दोष त्याचा नाही. सरावसामन्यात एक क्वार्टर पूर्ण शांत राहून पाहावे. मला स्वतःला हे फार जड गेले, पहिल्या दिवशी तर दोन मिनिटेही जमले नाही.

गुणांचीच नोंद ठेवणेही तितकेच घातक आहे. २७ मे २०२५ रोजी न्यूयॉर्क निक्सविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात हॅलिबर्टनने ३२ गुण, १५ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) आणि १२ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) मिळवले. गार्ड म्हणून मला त्यांतला सगळ्यांत मोलाचा आकडा चौथा वाटतो: टर्नओव्हर शून्य. आपल्या गार्डसाठी एक साधी वही करावी. प्रत्येक टर्नओव्हरपुढे चेंडू कसा गेला हे लिहावेच, पण त्याच्या तीन सेकंद आधी गार्ड कुठे उभा होता आणि त्याचे तोंड कोणत्या दिशेला होते, हेही लिहावे. चार सामन्यांत नमुना दिसू लागतो. माझ्याकडच्या एका मुलाच्या अकरा टर्नओव्हरपैकी आठांमध्ये त्याची पाठ डाव्या विंगकडे, म्हणजे मैदानाच्या डाव्या बाजूकडे, होती. आम्ही तोवर महिनाभर त्याचा डावा हात सुधारत बसलो होतो.

सामन्यानंतर त्या मुलाला ‘तो पास का दिलास?’ असे विचारले की तो मान खाली घालून गप्प बसत असे. मग मी ‘त्या वेळी तुला काय दिसत होते?’ असे विचारू लागलो. पहिल्या सामन्यानंतर तो म्हणाला, ‘सर, काहीच नाही.’ तिसऱ्या सामन्यानंतर म्हणाला, ‘डावीकडचा मोकळा होता, मला दिसला, पण चेंडू उचलल्यावर.’ त्या दिवसापासून आम्ही चेंडू घेताना अर्ध्या अंगाने वळण्याचा सराव रोज वीस मिनिटे करू लागलो.