हरणाच्या रायफलसाठी गोळी कशी निवडावी आणि काडतूस घरी कसं भरावं

आधी गोळी ठरवा, मग दारू. बंदुकीची दारू म्हणतोय मी. नवशिका नेमकं उलटं करतो. दारूचा डबा स्वस्तात मिळाला म्हणून उचलून आणतो आणि मग तिच्यावर चालेल ती गोळी शोधत हिंडतो.

मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात .३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या रायफलने व्हाइटटेल हरणांची शिकार करतो, तेव्हा उदाहरणं त्यातलीच देणार. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सगळं बंद आहे. तिकडच्या वाचकांनी कुतूहल म्हणून वाचावं.) परवाना, नारिंगी जाकीट आणि काडतूस भरायची हत्यारं, म्हणजे प्रेस (दाबयंत्र), डाय (पुंगळीला आकार देणारा साचा) आणि तराजू, हे तुमच्याकडे आहे असं धरून चालतो.

वजन १५० ते १६५ ग्रेन, म्हणजे पावणेदहा ते पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास. यावर कॅम्पात रात्र-रात्र वाद होतात, हरणाला फरक कळत नाही.

खरी मेख गोळीच्या बांधणीत आहे आणि तिथेच मी तोंडावर आपटलो. सुरुवातीची तीन-चार वर्षं मी नेमबाजीच्या स्पर्धेत वापरतात त्या ‘मॅच’ गोळ्या भरायचो. १०० यार्डांवर तीन भोकं एकमेकांत मिसळायची आणि मी ते कागद खिशात घेऊन मिरवायचो. या गोळीच्या टोकाला बारीक छिद्र असतं. मला वाटायचं, त्यामुळे ती फुलत असणार. कसलं काय! ते छिद्र गोळी बनवण्याच्या पद्धतीमुळे उरतं, फुलण्याशी त्याचा संबंध नाही. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी हंगाम उघडला, १२० यार्डांवर नर उभा होता, नेम फऱ्यामागे बरगडीत बरोबर लागला आणि ते हरीण काही झालंच नाही अशा थाटात लॉरेलच्या झुडपांत शिरलं. गोळी दाभणासारखी आरपार गेली होती. रक्ताचा थेंब दहा-दहा पावलांवर एक. बॅटरीच्या उजेडात अडीच तास गुडघ्यांवर रांगत शोधलं तेव्हा सापडलं. त्या जनावराचे जे हाल झाले ते माझ्या मिरवण्यामुळे. हीच गोळी दुसऱ्या वेळी आत शिरताच चिंधड्या होऊन अर्धा फरा नासवते. तिचा भरवसा नाही. ‘मी मॅच गोळीने दहा हरणं पाडली’ असं सांगणारा भेटेलच, त्याला अकरावं विचारा.

शिकारीची गोळी आत शिरली की कुत्र्याच्या छत्रीसारखी तोंड पसरते. पण त्यासाठी तिला ठरावीक वेग लागतो. तांब्याच्या पातळ कवचात शिसं भरलेली साधी गोळी वेग सेकंदाला साधारण १८०० फुटांपर्यंत उतरला तरी फुलते, अख्ख्या तांब्याची २००० च्या खाली गेली की कुरकुर करते. .३०८ ची १६५ ग्रेनची गोळी नळीतून २७०० च्या आसपास निघते आणि २०० यार्डांवर २३०० च्या घरात असते, म्हणजे दोन्ही चालतात. नळी आखूड असेल आणि ३०० यार्डांचे मनसुबे असतील तर तांब्यापासून जपून. उलट मॅग्नमसारख्या वेगवान रायफलीत पातळ कवचाची गोळी जवळून हाडावर आपटली तर फुटून जाते. १९४६ मध्ये जॉन नोस्लर यांची गोळी मूस या थोराड हरणावर अशीच निकामी ठरली, म्हणून त्यांनी मधे आडभिंत असलेली ‘पार्टिशन’ गोळी बनवली. ती आजही उत्तम आहे, खिशाला मात्र झोंबते.

मी स्वतः आता तांब्याचीच १५० ग्रेनची गोळी भरतो. शिशाचे बारीक कण जखमेपासून लांबपर्यंत मांसात पसरतात आणि ते मटण माझ्या घरची पोरं खातात. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. तांबं हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. त्यामुळे एक पायरी हलकं वजन घ्यायचं.

पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळकांडी) साफ करा, डायमधून काढा, लांबी मोजा, बुडाशी प्राइमर (दारू पेटवणारी टोपी) बसवा. यात अवघड काही नाही.

दारूचं माप मी सांगणार नाही आणि जो आकडा फेकतो त्याचं ऐकू नका. गोळी बनवणाऱ्याचं चालू आवृत्तीचं पुस्तक घ्या, नेमक्या तुमच्याच गोळीचं पान काढा. शिशाच्या गोळीचं माप तांब्याला लावायचं नाही. तिथे दिलेल्या सर्वांत कमी मापापासून सुरू करा, अर्ध्या ग्रेनने किंवा त्याहून कमी चढा, प्रत्येक मापाची तीन काडतुसं. बोल्ट (रायफलचा मागचा खटका) जड उचलला गेला, प्राइमर चपटा झाला किंवा पुंगळीच्या बुडावर चकचकीत ठसा उमटला, तर दाब जास्त झालाय, तिथेच थांबा आणि उरलेली काडतुसं झाडू नका. पुंगळी किंवा प्राइमरचा ब्रँड बदलला तरी पुन्हा खालून सुरुवात. टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा, आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिवा धरून दारू किती आहे ते बघायचं. भरताना फोन दुसऱ्या खोलीत.

१०० यार्डांवर तीन गोळ्या दीड इंचात आल्या की पुरे. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा आठेक इंचांची असते. अर्ध्या इंचाच्या नादात नळी झिजवणारे मला कळत नाहीत. .३०८ ची दुर्बीण अशी लावा की १०० यार्डांवर गोळी नेमाच्या दीड-दोन इंच वर लागेल, मग २०० वर ती जवळपास नेमावर येते.

हंगामाच्या आठवडाभर आधी रेंजवर, नळी मातीच्या बांधाकडे ठेवून, नेणार तेवढी सगळी काडतुसं मॅगझिनमधून एकेक करून चेंबरमध्ये चढवून काढा. एखादं अडकतंच. ते घरी राहू द्या, आणि डब्यावर गोळी, दारू, माप, तारीख लिहा. पेन्सिलीने नको, पुसतं.