त्सुयूच्या दिवसांत घर कोरडे कसे ठेवावे

टोकियो आणि आसपासच्या भागात सरासरीने ७ जून ते १९ जुलै या काळात जो पावसाळा असतो, त्याला जपानीत 'त्सुयू' म्हणतात. मुसळधार सरींची सवय असलेल्या मराठी माणसाला ही रिपरिप सौम्य वाटते आणि म्हणूनच तो गाफील राहतो. परंतु येथे नुकसान होते ते पावसाच्या जोराने नव्हे, तर दिवसेंदिवस ऊन न पडल्याने घरात कोंडून राहिलेल्या दमटपणाने.

सर्वांत आधी अंथरुणाकडे लक्ष द्यावे. फुतोन, म्हणजे घडी करता येणारी जपानी गादी, जमिनीवर घालून झोपले की अंगाचा घाम गादीतून खाली झिरपतो आणि थंड जमिनीशी अडून तेथेच ओल धरतो. पहिल्या वर्षी मी चार-पाच दिवस फुतोन उचललाच नाही. उचलला तेव्हा पाठ टेकते नेमक्या त्या जागी बुरशीचे काळपट ठिपके उमटले होते आणि खालची तातामी, म्हणजे जमिनीवरची गवती चटई, हाताला गार, ओलसर लागत होती. म्हणून तो रोज सकाळी उचलावा, मात्र लगेच घडी करून कपाटात न कोंबता तासभर खुर्च्यांच्या पाठींवर पसरून ठेवावा.

ओशिइरेत, म्हणजे सरकत्या दारांच्या खोल कपाटात, तळाशी 'सुनोको' ही लाकडी पट्ट्यांची फळी घालावी, सामान भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे आणि दोन्ही दारे मध्याकडे सरकवून दोन्ही टोकांना फट ठेवावी, म्हणजे हवा आरपार खेळते. कोपऱ्यात ओल शोषणारा डबा ठेवावा. त्यातील कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेते आणि डब्यात पाणी साचते. ते खुणेपर्यंत आले की डबा बदलावा.

एसीच्या रिमोटवर 'जोशित्सु' हे ओल काढण्याचे बटण असते. ते चालू असताना खिडक्या बंद ठेवाव्यात. घरात वाळत घातलेल्या कपड्यांना खालून पंख्याचा वारा द्यावा.

न्हाणीघराचा पंखा विजेच्या बिलासाठी बंद करू नये. २००३ पासून नव्या घरांत सतत चालणारी वायुवीजन व्यवस्था कायद्यानेच बंधनकारक आहे. बुरशी काढण्याचे क्लोरीनयुक्त द्रावण आम्लयुक्त क्लीनरमध्ये चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो; बाटलीवर 'माझेरुना किकेन' म्हणजे 'मिसळणे धोक्याचे' असे ठळक छापलेले असते.

हवामान खात्याने 'त्सुयू-आके', म्हणजे पावसाळा सरल्याचे, जाहीर केले की पहिल्याच कडक उन्हात फुतोन बाल्कनीच्या कठड्यावर चिमट्यांनी घट्ट बसवून दोन्ही बाजूंनी वाळवावा आणि ऊन उतरण्याआधी आत घ्यावा.